निळ्याच राहिलेल्या पुड्या

त्या शनिवारी एकही पुडी गुलाबी झालेली नव्हती. थिओला डुप्लेसीने पहिल्या पेटीचं झाकण उचललं, नेहमीसारखा श्वास रोखून धरला, कोपऱ्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या काढून शटरच्या उजेडात नेल्या आणि पाहिलं, तर आतले दाणे ठेवले होते तसेच निळे. दुसऱ्या पेटीतलेही निळे. पिसांच्या लांबोड्या पेटीतलेही निळे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती सामान ठेवायच्या या भाड्याच्या गाळ्यात यायची ती याच कामासाठी. ओल पिऊन गुलाबी पडलेल्या पुड्या काढायच्या, घरून भाजून आणलेल्या निळ्या पुड्या त्यांच्या जागी ठेवायच्या, गुलाबी घरी न्यायच्या, आणि रविवारी चर्चहून आल्यावर पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरून मंद ओव्हनमध्ये पुन्हा निळ्या होईपर्यंत भाजायच्या. नवरा आल्सीड गेल्यापासून चार वर्षं हा नेम चालला होता. न्यू ऑर्लिन्समध्ये मीठदाणीत तांदूळ घातल्याशिवाय मीठ सुटत नाही, आणि वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो. अशा गावात सगळ्या पुड्या निळ्या राहणं म्हणजे चमत्कारच. शरदात तिने रबराची कड असलेल्या नव्या पेट्या घेतल्या होत्या त्या याचसाठी. जिंकलीस की गं बाई, असं ती स्वतःला म्हणालीसुद्धा. पण आनंद काही झाला नाही. आता आत पिण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे वाक्य कुठून तरी तिच्या मनात आलं आणि जाईना. तिने घडीची खुर्ची उघडली आणि निळ्या पुड्या ओंजळीत धरून ती बसून राहिली.

तिच्या पुड्यांची गल्लीत थट्टा होई आणि ती थट्टा तिला ठाऊक होती. नव्या बुटांच्या खोक्यात, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या बाटलीत, पर्सच्या आतल्या कप्प्यात ज्या पुड्या निघतात आणि ज्या लोक बघताही न बघता कचऱ्यात टाकतात, त्या ती मागून घ्यायची. बुटांच्या दुकानातल्या मुलीने एकदा विचारलं होतं, "मॅडम, यावर ‘खाऊ नये’ असं लिहिलंय, तुम्ही करता काय यांचं?" आणि थिओला म्हणाली होती, "खात नाही, एवढं नक्की." चर्चमधली मिस ओपल तर दानपेटी पुढे सरकवावी तशी दर रविवारी तिच्यापुढे मूठ उघडायची. "घे बाई, या आठवड्यात गुडघ्याच्या गोळ्या संपल्या. देवाला दहावा हिस्सा आणि तुला पुडी." पुढे थिओलाने निळ्या दाण्यांची पिशवीच आणली आणि झिरझिरीत मलमलच्या बोटभर थैल्या शिवून त्यात ते दाणे भरले, म्हणजे कोण तहानलंय आणि कोणाचं पोट भरलंय ते रंगावरून कळतं. ती त्यांच्याबद्दल असाच विचार करायची. ओव्हनच्या काचेतून त्यांचा गुलाबीपणा ओसरताना बघत बसायची, आणि सगळ्या निळ्या झाल्या की या चिमूटभर बायकांनी महिनाभर आल्सीडसाठी पाणी प्यायलंय, असं वाटून तिचा जीव भरून यायचा.

ओलीशी तिचं वैर जुनं होतं. मोठ्या वादळाच्या वर्षी घरात छातीएवढं पाणी उभं राहिलं आणि उतरायला त्याने आठवड्यांवर आठवडे घेतले. परत आले तेव्हा दार लाकूड फुगून अडकलेलं, आल्सीडने खांद्याने ढकललं तेव्हा कुबट वासाची एक भिंतच अंगावर आली. बिछाना, फोटो, लग्नातला झगा, सगळ्यावर काळी लव. ते एक वेळ तिने सोसलं असतं. पण पलंगाखालच्या ट्रंकेत आल्सीडने सणासाठी शिवलेल्या जुन्या पोशाखांतले पॅच होते, दर वर्षी हट्टाने एक-एक मागून ठेवलेले, मोहरीएवढ्या मण्यांनी टिपलेली रानं, घोडे, गरुड. ट्रंक उघडली तर आत चिखल आणि मणी. कॅनव्हास हाताला लागताच साबणासारखा विरघळला. ती ओसरीच्या पायरीवर बसून रडली, आणि आल्सीडने ती सगळी माया फावड्याने उचलून रस्त्याच्या कडेला फेकून दिलेल्या फ्रिजशेजारी टाकली. "चला," तो म्हणाला, "तेवढे कापायचे कष्ट वाचले." त्या क्षणी तिला त्याचा राग आला, तो आयुष्यभर पुरला. अजूनही कपाटाच्या मागच्या बाजूला हात लावला आणि भिंत गार लागली की तिच्या तोंडचं पाणी पळतं.

आल्सीड तसं बोलू शकला, कारण तो पोशाख जपण्यासाठी शिवतच नव्हता. मार्डी ग्राच्या सणाला मणी-पिसांचे पोशाख घालून गात गल्लोगल्ली फिरणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या एका टोळीचा तो बिग चीफ होता, म्हणजे म्होरक्या. दिवसा तो घरांची छपरं घालायचा आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मणी शिवायचा, वर्षभर, बोटं भोसकून घेत, मार्डी ग्राच्या एका सकाळसाठी. त्या सकाळी तो दारातून बाहेर पडायचा तेव्हा आधी पिसं यायची, मग तो. दार कितीही रुंद असलं तरी त्याला तिरकं व्हावं लागायचं, आणि गल्ली ओरडायची. नंतर मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाच्या संध्याकाळी एकदा, आणखी एखाद्या रविवारी एकदा, की झालं. मग तो त्याच टेबलाशी कात्री घेऊन बसायचा आणि सगळं कापून काढायचा. पिसं वेगळी, मणी वेगळे, मखमल वेगळी. पुढच्या वर्षी तोच पोशाख घालून बाहेर पडणारा चीफ कसला? त्यांच्यात अशा माणसाला हसतात. थिओला हे लग्नाआधीपासून जाणत होती, तरी कात्रीचा आवाज सुरू झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. "थिओ, पाण्याचं बिल मी भरतो हां," तो बाहेरून ओरडायचा. तिने कधी एक मणी शिवला नाही. ज्याने घालायचं त्यानेच शिवायचं, असं तो म्हणायचा आणि त्यात बायकोलाही सूट नव्हती. फक्त शेवटच्या दोन वर्षांत त्याचे डोळे अधू झाले तेव्हा सुया ओवायचं काम तिच्याकडे आलं. मण्यांची सुई केसाएवढी बारीक, तिचं नेढं दिसतही नाही. थिओला दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करायची, दातांनी चपटं करायची आणि एका झटक्यात ओवायची. दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की आल्सीड म्हणायचा, "बस्स. आता माझी बायको निवृत्त." त्या दोन वर्षांइतकं सुख तिला आधी कधी लागलं नव्हतं, असं तिला आता वाटे.

शेवटचा पोशाख मार्डी ग्राला तीन आठवडे असताना अडला. छातीवरचे पॅच झाले होते, मुकुट झाला होता, राहिला होता पुढच्या एप्रनचा मोठा पॅच. होडीत उभा शिकारी, काठाला हरणं, आणि खाली रुंद नदी. नदीच्या वरच्या लाटा शिवून झाल्या होत्या, खाली पेन्सिलीच्या रेघा. त्याने सुई कॅनव्हासातच टोचली, खांदा चोळला आणि म्हणाला, "राहिलेली नदी उद्या." त्याच रात्री ॲम्ब्युलन्समध्ये तो शेवटपर्यंत तिच्याकडे बघत होता. टोळीने त्याला डफांवर गात नेलं. पोशाख शवपेटीशेजारी उभा करू का, असं कुणी तरी विचारलं, तेव्हा थिओलाने कानांवर हात ठेवले. जो पोशाख सूर्याने पाहिला नाही तो कापायचा तरी कसा आणि मिरवायचा तरी कसा? तिने तो स्वच्छ चादरीत बांधला, टेबलावर पसरला होता तसाच, आणि ओल नसलेली जागा शोधत शोधत शहराच्या उंच भागातल्या या गाळ्यापर्यंत पोचली. चार वर्षांत तिने पेट्यांची झाकणं उघडली, पुड्या बदलल्या, पण चादर उघडली नाही. माणसाच्या श्वासात ओल असते हे तिने कुठे तरी वाचलं होतं. म्हणून झाकण उघडं असेपर्यंत ती श्वास घ्यायची नाही. शेवटची पेटी बंद होईपर्यंत तिच्या कानात दडे बसलेले असायचे.

आणि आता तो पॅच जनेलला हवा होता. जनेल ही तिची एकुलती मुलगी, शाळेत गणित शिकवते, बोलताना वडिलांसारखी भुवई उडवते. या मार्डी ग्राला ती टोळीची क्वीन म्हणून पहिल्यांदा बाहेर पडणार होती. दोन वर्षं तिने स्वतःचा पोशाख स्वतः शिवला, आईकडे एक दोरा मागितला नाही. गेल्या रविवारी ती जेवायला आली, सणाच्या किंग केकचा तुकडा घेतला, बोटांवरची हिरवी-जांभळी साखर चाटली आणि म्हणाली, "आई, एप्रनची जागा मी मोकळी ठेवली आहे. तिथे बाबांची नदी लागणार."

"तो बाहेर काढला की ओल धरेल."

"धरू दे."

"बुरशी येईल. तुला आठवत नाही, तू लहान होतीस."

"मी सोळा वर्षांची होते आणि फावडं दोघांनी मिळून चालवलं होतं, मी आणि बाबांनी. तू पायरीवर होतीस." जनेलने बशी बाजूला केली. "आई, ते दरवर्षी कापायचे. जुना पॅच नव्या पोशाखात लावायचे. मी काही वेगळं मागत नाहीये. त्यांना जे आवडायचं तेच करतेय."

"आणि नंतर?"

"नंतर तेच. कापणार."

"मग माझ्याजवळ काय राहील?"

जनेलला राहवलं नाही. "आत्ता काय आहे? दर महिन्याला जाऊन त्यांना अजून सुकवून येतेस. तू बाबांची सुकट केलीस, आई. बाजारात पिशवीत मिळते ना, तशी."

थिओलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने केकचं खोकं बंद केलं, ते तीनदा बंद करावं लागलं. दारात पोचल्यावर जनेल वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "नाही दिलास तर मी दुसरं काही शिवणार नाही. कोरा कॅनव्हास लावून बाहेर पडेन. पोटावर पांढरी जागा घेऊन सगळ्या गल्लीसमोर उभी राहीन. लोक हसतील, हसू देत." आणि ती तसं करील हे थिओलाला माहीत होतं, कारण ती आल्सीडची मुलगी होती. अपुरा पोशाख घालून बाहेर पडलेल्या बाईला ते शहर काय काय म्हणेल, तेही तिला माहीत होतं. तेव्हापासून सहा दिवस ती घरात वस्तू इकडच्या तिकडे करत होती. मुलीचं हसू होणार की नवरा दुसऱ्यांदा हातून जाणार, या दोन्हींमध्ये तिसरं काही असेल तर ते तिला सापडत नव्हतं.

गाळ्यात गरम नव्हतं, गारही नव्हतं. बाहेर फेब्रुवारीतलं धुकं शटरच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि आत यायचं की नाही याचा विचार करत असल्यासारखं थांबलं होतं. दोन्ही बाजूंना तशीच बंद शटरं, आत कुणाकुणाचे सोफे, पाळणे, मोडलेले संसार, सगळे कोरडे. ओंजळीतल्या पुड्या करकर वाजल्या आणि त्या आवाजात थिओलाचे डोळे जड झाले. ती झोपली असं म्हणता यायचं नाही, कारण खुर्चीचा गार पाइप तिला पाठीला लागत होता. पण चादर उघडली होती आणि आल्सीड पेटीतून उठून उभा राहत होता, अगदी सावकाश, कारण कुठल्याही हालचालीने तो मोडला असता. पिसं गळ्याभोवती वाळक्या कणसाच्या पानांसारखी वाजत होती. दाराबाहेर गल्ली जमली होती, डफ वर झाले होते आणि सगळे त्याच्या गाण्याची वाट बघत होते. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो तिच्याकडे वळला, रागाने नव्हे, सुया संपल्या की वळायचा तसा. थिओ, त्याने ओठांनी म्हटलं. ती पाणी आणायला धावली. नळ सोडला, पेला भरला, पण त्याच्यापर्यंत येताना पेल्यात निळे दाणेच दाणे, वर चिकटवलेला कागद, खाऊ नये. पुन्हा नळ, पुन्हा दाणे. बाहेर डफ खाली जाऊ लागले. आल्सीड मात्र हसला आणि त्याने पेल्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बोट केलं. तिला काही समजेना. तिची स्वतःचीच जीभ टाळ्याला चिकटली होती.

"मिस थिओला! जिवंत आहात ना?"

शटरवर कुणी तरी थाप मारली. गिलरी होता, या गाळ्यांचा राखणदार, पायात रबरी बूट आणि हातात कॉफीचा थर्मास. ती यायची त्या शनिवारी तो एकदा तरी तिच्या शटरशी येऊन डोकावायचा.

"जिवंत आहे. डोळा लागला."

"मला वाटलं, तुम्ही पण पेटीत जाऊन बसलात." तो आत वाकला. "यांना आज काय झालं? गुलाबी पोरी कुठायत?"

"आज सगळ्या निळ्या."

"एकूण एक?"

"एकूण एक."

"मग सुटलात की!" गिलरीने थर्मासचं झाकण उघडून त्यात कॉफी ओतली आणि तिच्यापुढे धरली. "आता उन्हाळ्यापर्यंत यायला नको. मीही सुटलो, दर महिन्याला तुम्ही जिवंत आहात का ते बघायला यावं लागतं." तिने कॉफी घेतली नाही, तेव्हा तो जरा ओशाळला. "चीफच्या पोशाखाला काही झालं का?"

"माहीत नाही. मी बघितलाच नाही कधी."

"चार वर्षांत?"

"श्वासाने ओल जाते आत."

गिलरीने मान हलवली, हसला नाही, आणि तिला त्याबद्दल बरं वाटलं. "माझ्या आईने तिचा हॅम असाच बांधून ठेवला होता," तो म्हणाला. "पाहुणे येणार म्हणून. पाहुणे आले, पण तोवर..." पुढे काय झालं ते तो सांगणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने कॉफी स्वतःच पिऊन टाकली. "बसा तुम्ही. मी सहाला फाटक लावतो." त्याच्या रबरी बुटांचा आवाज धुक्यात लांब जाईपर्यंत थिओला बसून होती. मग ती उठली, मोठ्या पेटीचं झाकण काढून भिंतीला टेकवलं, आणि सवयीने श्वास रोखला. थोड्या वेळाने कानात दडे बसले, छाती दुखू लागली. आणि तिने तो सोडला. सगळा, पेटीत वाकून, चादरीवर. एवढी साधी गोष्ट करताना आपण चोरी करतो आहोत असं तिला वाटलं.

चादरीच्या गाठी सोडताना ती एका वासाची तयारी करत होती. आल्सीडच्या बोटांना पुदिन्याच्या मलमाचा वास असायचा, दिवसभर हातोडा मारून दुखणाऱ्या सांध्यांना तो ते चोळायचा आणि तसाच शिवायला बसायचा. मखमलीला तो वास लागायचा, दोऱ्यालाही. चार वर्षं तिने तो वास जपला होता, असं ती मानून चालली होती. तिने एप्रन उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. काही नाही. दुकानातल्या रिकाम्या खोक्यासारखा वास, म्हणजे कसलाच नाही. ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली, कडेला, मागे, मखमलीच्या घडीत. तिच्या लहानग्या निळ्या बायकांनी ओलीबरोबर तेही पिऊन टाकलं होतं, आणि तिने त्यांना दर रविवारी ओव्हनमध्ये घालून पुन्हा तहानलेलं करून पाठवलं होतं. तिला एकदम हसू आलं आणि ते वाईट होतं. मुकुटाची पिसं तिने बोटाने चाचपली. ती चपटी, मुकी, कडेला तुटकी झाली होती, एकाचा शेंडा तिच्या हातात आला. मग तिने एप्रन उलटा केला. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे दोऱ्यांच्या जाळ्यात तपकिरी ठिपके होते. बोट भोसकलं की आल्सीड ते कॅनव्हासाला पुसायचा आणि म्हणायचा, सही केली. ते ठिपके होते तिथेच होते. आणि खाली, पेन्सिलीच्या रेघांच्या सुरुवातीला, सुई होती. तिने ओवलेली. या गावात सुई एक उन्हाळा टिकत नाही, तांबूस होते, मण्यात अडकते, मोडते. ही काल टोचल्यासारखी चमकत होती. थिओलाने दोरा धरून सुई ओढली तर दोरा वाळक्या गवतासारखा तुटला, आणि सुई तिच्या चिमटीत राहिली.

घरी येताना तिने गाडीच्या काचा खाली केल्या. का केल्या ते तिला सांगता आलं नसतं. धुकं आत येत होतं, मागच्या सीटवरच्या पेट्यांवर बसत होतं, आणि तिने एकदाही मागे बघितलं नाही. रस्त्यावर कुणाच्या तरी कठड्याला गेल्या मिरवणुकीतल्या माळा अडकलेल्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर तिला आठवलं, आणि ते आधी का आठवलं नाही याचं तिला नवल वाटलं: मार्डी ग्राच्या आदल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात काही दिसायचं नाही इतकी वाफ असायची. आल्सीड किटल्या उकळत ठेवायचा, आणि वर्षभर खोक्यात चेपलेली पिसं एकेक करून वाफेवर धरायचा. "हे बघ, थिओ, आता उठेल." आणि पीस खरंच उठायचं, एकेक केस सुटा होऊन, जागं झाल्यासारखं. तिला तेव्हा भिंतींचीच काळजी असायची. ती मागून फडक्याने काचा पुसत फिरायची आणि तो म्हणायचा, "बाई, जरा थांबशील का? ती पाणी पितायत."

जनेल आली तेव्हा दुपार कलली होती. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. "आई? आग लागली का?"

"वाफ आहे. दार लाव, जाईल."

स्वयंपाकघराच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. शेगडीवर दोन किटल्या शिटी घालत होत्या आणि थिओला बाह्या सावरून एक पीस वाफेवर धरून उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता, केस कुरळे होऊन वर आले होते. टेबलावर फुललेली पिसं, चेपलेली पिसं, आणि मधे एप्रन, नदी वर करून. जनेलने पर्स ठेवली नाही, कोट काढला नाही. ती नदीपर्यंत आली आणि हात पाठीमागे बांधून बघत राहिली, लहानपणी तिला हात लावायची बंदी होती तशी.

"लाव हात," थिओला म्हणाली. "मोडत नाही."

जनेलने एका लाटेवरून बोट फिरवलं. मग एप्रन उलटा करून ते तपकिरी ठिपके बघितले, कॅनव्हास नाकाशी नेला आणि तिचा चेहरा गोळा झाला. "बाबांचा वास गेलाय, आई."

"मीच घालवला." थिओलाने पीस खाली ठेवलं. "मी त्याला इतका जपला की त्याच्यात काही ठेवलं नाही. तू बोललीस ते खरं होतं. पण सुकट म्हणालीस त्याबद्दल एक थोबाडीत बाकी आहे."

"मार्डी ग्रा झाल्यावर दे."

दोघी एकदम हसल्या आणि जनेल रडली, आणि थिओला तिला वाफेने ओल्या झालेल्या हातांनी जवळ घेऊन उभी राहिली. किटल्या शिटी घालत होत्या, कुणी बंद केल्या नाहीत. मग थिओलाने विचारलं, "नदी अर्धी आहे. ज्याने घालायचं त्यानेच शिवायचं. तुझ्या हातून होईल?"

"होईल. रात्रंदिवस बसेन."

"आणि सेंट जोसेफनंतर?"

जनेलने नाक पुसलं. ती खोटं बोलली नाही. "कापणार, आई."

"काप. मी नळ सोडणार नाही. समोर बसेन." हे म्हणताना तिला भीती वाटली, आणि तरी ते म्हणून झालं. तिने कोपऱ्यातली आल्सीडची खुर्ची टेबलाशी ओढली आणि जनेलला बसवलं. निळ्या मण्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. जनेलने डोळे बारीक करून सुई उचलली, दोरा घेतला, एकदा चुकली, दोनदा चुकली. वाफेत सुईचं नेढं दिसत नव्हतं.

"इकडे दे," थिओला म्हणाली. "ते माझं काम आहे."

सुई तिच्या बोटांत आली आणि तिच्या बोटांना ती आठवली. तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं. गाळ्यापासून तिचं तोंड कोरडं होतं. तिने घोट गिळला, थोडं थांबली, जिभेखाली पाणी जमू दिलं, आणि दोरा नीट भिजवून, दातांनी चपटा करून, सुई खिडकीच्या पांढऱ्या उजेडाकडे धरली.